नंबर तीनला विश्रांती

६ मार्च

घुबडा,

रात्रपाळ्या करून तू घुबड झालास ते झालासच, अक्षराचंही पार मातेरं केलंस. पण पत्र आलं याचा आनंद आहे. फोन करत नाहीस म्हणून मी आता रागावत नाही. ज्याचा कामावरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो त्याला घरी आल्यावर फोन उचलावासा वाटत नाही, हे मला पटलंय. शिवाय पत्र परत वाचता येतं. आणि तुझं अक्षर असं की परत वाचावंच लागतं.

तू विचारलंस, भावोजी कसे आहेत. कमाल आहे बाबा तुझी. कोणत्या केंद्राने किती वीज करायची हे सांगणाऱ्या खुर्चीत तू बसतोस, माझा नवरा त्यातल्याच एका कोळशाच्या केंद्रात नंबर तीन युनिटचा शिफ्ट इनचार्ज, रोज तुम्ही दोघं फोनच्या लाइनवर येता, आणि ते कसे आहेत हे मी तुला पत्राने कळवायचं. मी ह्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "आम्ही बोलत नाही. तो आदेश देतो, मी परत म्हणतो." मला वाटलं चेष्टा करताहेत. मग नीट सांगितलं. तू म्हणायचं 'नंबर तीन, लोड कमी करा', ह्यांनी तेच शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे, मग तू 'बरोबर' म्हणायचं. तू 'बरोबर' म्हणेपर्यंत इकडे कुणी बोट हलवायचं नाही. म्हटलं, माझं बोलणं असं परत म्हणाला असतात तर संसार सोन्याचा झाला असता. येताना भाजी आणा. येताना भाजी आणतो. बरोबर.

ह्यांना बरं आहे म्हणायचं. खोकला आहे, तो इथे सगळ्यांनाच आहे. खिडकीची पट्टी सकाळी पुसावी तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी राख असते. बोलणं मात्र दिवसेंदिवस कमी होत चाललंय. जेवताना विचारावं, आज काय झालं, तर उत्तर ठरलेलं, 'काही नाही, चालू आहे.' म्हणजे नंबर तीन चालू आहे. मी चालू आहे का बंद, ते कोण विचारतो.

ठकीचं शाळेत गुरुवारी दुपारी नाटक आहे. तिला झाडाचं काम दिलंय. झाडाला एकच वाक्य आहे, पण ते घरातल्या सगळ्या भांड्यांना पाठ झालंय. बाबा आलेच पाहिजेत म्हणून हटून बसली आहे. हे म्हणतात, नंबर तीन चालू असताना मला हलता येत नाही. आजवर कधी आलेत का तिच्या शाळेत? तुझ्या खुर्चीतून ते बंद करता येतं ना? मग कर की गुरुवारी दुपारी. बहिणीचा एवढा हट्ट पुरव, बाकी आयुष्यात काही मागणार नाही.

ताई


१० मार्च

ताई,

अक्षराबद्दल क्षमस्व. आणि बाकी आयुष्यात काही मागणार नाहीस हे वाक्य जपून ठेवलंय, पुढच्या वेळी दाखवीन.

असं हट्टाखातर युनिट बंद करता येत नाही गं. तरी सांगतो कसं असतं ते, म्हणजे तुला वाटायला नको की मी इथे नुसता चहा पीत बसतो. हल्ली दुपारी ऊन तापलं की सूर्याची वीज एवढी येते की ठेवायला जागा नसते. तेव्हा कोळशाच्या केंद्रांना खाली बसवावं लागतं. संध्याकाळी सूर्य बुडतो, घराघरांत दिवे लागतात, आणि दुपारी नकोशी झालेली तीच केंद्रं सगळ्यांना हवीहवीशी होतात. ज्याची वीज महाग ते आधी बंद, अशी यादी असते. त्या यादीत तुमचं नंबर तीन आणि नदीपलीकडच्या केंद्रातलं जुनं युनिट अगदी एका पायरीवर आहेत. दोघांतलं एकच बंद करायचं असेल तर कोणतं, हे त्या वेळी खुर्चीत जो असेल त्याने ठरवायचं. पण भाचीला झाडाचं काम मिळालंय, हे कारण लिहायला आमच्याकडे रकाना नाही.

आणि बॉयलरला ही बंद-चालू मानवतही नाही. तापलेलं लोखंड निवतं, परत तापतं, आतल्या नळ्यांना चिरा पडतात. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही म्हणा.

गुरुवारी दिवसा मीच आहे. आकाश निरभ्र राहील म्हणतात. बघू.

घुबड


१५ मार्च

घुबडा,

आले. तुला सांगते, आले!

मी शाळेच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसले होते. खिडकीतून आपलं धुराडं दिसतं. सवयीने मान वर केली तर धूर नाही. एक आणि दोन केव्हाच मोडीत निघालेत, त्यामुळे धुराड्यातून धूर नाही म्हणजे नंबर तीन बंद, हे इथल्या कुत्र्यामांजरांनाही कळतं. आणि पडदा वर जायच्या आत हे दारात उभे. तेच कामाचे कपडे, मानेवर काळी रेघ, हेल्मेट काखेत. मला म्हणाले, "बंद करून, आच आत राहील असं झाकून ठेवलंय. संध्याकाळपर्यंत एक माणूस पुरतो." ठकीने आपलं वाक्य म्हटलं आणि झाडाने प्रेक्षकांत बसलेल्या बापाला हात केला. सगळा हॉल हसला. मीही हसले, इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, अशी हसताना तुला बघून किती दिवस झाले.

मग आम्ही तिघं चालत घरी आलो. दिवसाउजेडी. तुला हे ऐकून काही वाटणार नाही, पण ह्यांच्याबरोबर मी भर उन्हातून चालल्याचं मला आठवतच नव्हतं.

आता खरं सांग. तू केलंस ना?

ताई


२२ मार्च

ताई,

तुझा आदेश परत म्हणतो. 'खरं सांग, तू केलंस ना.' उत्तर, मी काही केलं नाही, जे केलं ते उन्हाने केलं.

तुझं पत्र मात्र चार वेळा वाचलं. आई गेल्यानंतर तुझं एवढं आनंदाचं पत्र आलं नव्हतं. आता उन्हाळा आहे, दुपारी कुणाला तरी बसवावं लागणारच. पुन्हा तसा योग आला तर तुम्हा तिघांना अजून एखादी दुपार मिळेल. झाडाला माझी शाबासकी सांग.

घुबड


२९ मे

घुबडा,

पत्राला उशीर झाला. लिहायला बसले की मनात येतं, आनंदाचं काही साचू दे, मग लिहू. साचत नाही.

ह्यांची तब्येत मला बरी दिसत नाही. येतात ते काळेठिक्कर पडून. ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटतात, घास हातातच राहतो. परवा ठकी त्यांना कविता म्हणून दाखवत होती, ती संपायच्या आत भिंतीला टेकून झोपले. ती पुस्तक मिटून आत निघून गेली. मला त्या पोरीचं जास्त वाईट वाटलं.

कोपराखाली भाजल्याचा डाग आहे, चांगला तळहाताएवढा. विचारलं तर म्हणाले, चहाची किटली कलंडली. कंट्रोल रूममध्ये एवढा उकळता चहा कोण देतो यांना? खोलात शिरले तर तोंडात मिठाची गुळणी. सुट्टीच्या दिवशीही बोलावणं येतं. ह्या नंबर तीनने माझा नवरा खाल्ला रे. सवत परवडली, ती निदान एवढी राख तरी उडवणार नाही.

बरं एवढंच की हल्ली दुपारी धुराडं पुष्कळदा बंद दिसतं. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी. मी कपडे वाळत घालताना वर बघते, धूर नसला की जिवाला तेवढंच बरं वाटतं. म्हणते, चला, आता तरी दोन घटका खुर्चीत पाठ टेकली असेल. असं रोज झालं तर माणूस तरेल.

ताई


८ जून

ताई,

तुझ्या पत्राने झोप उडाली. लाइनवर मला त्यांचा आवाज घोगरा लागतो, पण तिथे 'कसे आहात' विचारायची सोय नाही. युनिट तयार आहे का, एवढंच मी विचारू शकतो, आणि ते 'तयार' म्हणतात. त्यांच्यासारखं 'तयार' आमच्या लाइनवर दुसरं कुणी म्हणत नाही. ते एकदा म्हणाले की मी पुढच्या केंद्राकडे वळतो, मागे वळून बघत नाही.

तू काळजी करू नकोस. दुपारी जे काही माझ्या हातात असतं ते मी करतो आहे, यापुढे जरा जास्तच करीन. नंबर तीनची एकही गळती, एकही बिघाड या वर्षी आमच्याकडे नोंदलेला नाही, यादीतल्या जुन्या युनिटांत तेच ठणठणीत आहे. त्यामुळे त्याला दुपारी बसवायला माझं मन कचरत नाही. तेवढीच भावोजींच्या पाठीला खुर्ची.

एक गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. जुनी युनिटं कायमची बंद करायची यादी वर तयार होते आहे. ज्यांची गळती जास्त, ती आधी जाणार. तुमचं त्यात नाही. भावोजींची निवृत्ती येईपर्यंत ते टिकेल असं मला वाटतं.

घुबड


१९ जुलै

घुबडा,

हे तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय. तुला तर मुळीच नाही. म्हणून घाईने लिहिते, ह्यांची यायची वेळ झाली आहे.

काल सकाळी हे डबा विसरून गेले. दुपारी धुराडं बंद दिसलं, म्हटलं आज निवांत असतील, आपण नेऊन देऊ आणि दोन शब्द बोलू. गेटवर ओळखतात, आत सोडलं. कंट्रोल रूमच्या दारात गेले तर खुर्ची रिकामी. तिथला पोरगेला ऑपरेटर माझ्याकडे बघून गडबडला. साहेब कुठे, तर म्हणाला, आत. आत म्हणजे कुठे, तर म्हणाला, बॉयलरमध्ये.

मी डबा घेऊन तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळाने हे आले. डोळे तेवढे पांढरे, बाकी माणूस ओळखू येईना. बनियन पिळून काढावं असं ओलं. बरोबर वेल्डर होता. मला बघून ह्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

संध्याकाळी घरी आल्यावर जेवायला वाढलं नाही आधी, बोलतं केलं. बंद झालं म्हणजे विश्रांती नसते रे. नळ्या चिरतात. युनिट बंद झालं की ते पुरतं निवायच्या आत हे आणि वेल्डर आत शिरतात, चिरलेली नळी सांधतात, आणि दिवे लागायच्या आधी बाहेर येऊन परत पेटवायला घेतात. नीट दुरुस्ती करायची तर आठवडाभर बंद ठेवावं लागेल आणि वर कळवावं लागेल. मोठे साहेब म्हणतात, कळवलं की आपलं नाव कायमच्या बंदच्या यादीत. वसाहतीतली सगळी घरं त्या एका धुराड्यावर उभी आहेत, मग हे तरी काय करणार. म्हणून कुणी कळवत नाही. आणि तू विचारलंस की हे 'तयार' म्हणतात.

मी म्हटलं, हे माझ्या भावाला कळू दे, तो काहीतरी करील. तर इतके चिडले की ठकी घाबरली. म्हणाले, "त्याला यातलं काही कळता कामा नये. कळवलंस तर मी घरात बोलणार नाही." नाहीतरी कुठे बोलताय, म्हटलं मी.

तूच सांग आता. दुपारी धूर नसला की मी देवाचे आभार मानत होते. त्याच वेळी हे त्या भट्टीच्या पोटात होते. मला स्वतःचीच भीती वाटते आहे. तुझं तिथे वजन असेल तर ते रोजचं बंद करणं थांबव. चालू राहू दे ते मेलं. रात्रंदिवस चालू राहू दे.

ताई


१६ ऑगस्ट

ताई,

तीन आठवडे तुमच्याकडे राहून काल परत आलो. दार उघडलं तर तुझं एकोणीस जुलैचं पत्र जमिनीवर पडलेलं. अपघाताच्या दिवशी माझी पाळी सुरू असताना आलं असणार. इकडे ते दाराखालून सरकवलं जात होतं तेव्हा मी खुर्चीत होतो, आणि तुझा फोन आल्यावर मी घरी न येता तसाच स्टेशनवर गेलो. उभ्यानेच वाचलं.

हॉस्पिटलात आपण दोघं शेजारी बसून होतो, पण तू काही विचारलं नाहीस आणि मी काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळचं लिहितो. तुला कळायला हवं. सूर्य उतरत होता, सगळीकडे विजेची मागणी चढत होती. मी लाइनवर म्हटलं, नंबर तीन, चालू करा. त्यांनी परत म्हटलं, नंबर तीन, चालू करतो. मी म्हटलं, बरोबर. मग विचारलं, तयार? ते म्हणाले, "तयार." नेहमीसारखंच. मी पुढच्या केंद्राकडे वळलो. मग समोरच्या पडद्यावर तुमचा आकडा चढता चढता एकदम शून्यावर आला. लाइनवर भावोजी नव्हते, कुणीतरी नुसतं ओरडत होतं. मी विचारत राहिलो, इनचार्ज कुठे आहेत, आदेश कोण घेतोय. नियमाने तेच विचारायचं असतं.

ते कंट्रोल रूम सोडून बॉयलरपाशी का गेले, हे मला ऑपरेटरने सांगितलं. लोड चढताना त्या सांधलेल्या जागेतून आवाज येतोय का, ते रोज स्वतः कान देऊन ऐकायचे. त्या दिवशीही बॉयलरच्या दारापाशी वाकून ऐकत होते, तेवढ्यात नळी फुटली.

चौकशी समितीने आमचं रेकॉर्डिंग ऐकलं. आदेश स्पष्ट दिला, स्पष्ट परत म्हटला गेला, सगळं नियमाप्रमाणे, असा शेरा दिलाय. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

डॉक्टर काय म्हणतात ते कळव. आवाजाचं काय म्हणतात तेही.

घुबड


१० सप्टेंबर

घुबडा,

ह्यांना घरी आणलं. चेहऱ्याची एक बाजू बरी दिसते, दुसरीची सवय होईल. वाफ घशात गेली ती गेलीच, आवाज परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी डॉक्टर दुरून बोलत होते, मग जवळ येऊन हळू आवाजात सांगितलं, तेव्हाच मला कळलं. ठकीने आपली जुनी पाटी काढून दिली आहे. त्यावर लिहितात. थोडं लिहितात, पुसतात. बोलायचे तेव्हाही थोडंच बोलायचे म्हणा.

नंबर तीन कायमचं बंद झालं. दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणे. वसाहतीतले लोक एकेक करून सामान बांधतायत. समोरच्यांच्या खिडकीला पडदे नाहीत आता. राख यायची थांबली. खिडकीची पट्टी सकाळी पुसते ती संध्याकाळपर्यंत स्वच्छ असते. मी ती तरीही दुपारी पुसते.

हे दिवसभर घरी असतात. खुर्चीत पाठ टेकून. मला हवं होतं तसं. दिवे लागायची वेळ झाली की मात्र उठतात, चपला घालतात आणि दारात जाऊन उभे राहतात. ठकी हात धरून आत आणते.

आता एक विचारते, आणि तू घुबडासारखे डोळे मिटून बसू नकोस. पुढच्या घरातले सामान हलवत होते तेव्हा वेल्डर बोलून गेला, पलीकडच्या केंद्रातलं युनिट या उन्हाळ्यात जेमतेम दोन-चारदाच बंद झालं. तू मार्चमध्ये लिहिलं होतंस, दोन्ही एका पायरीवर आहेत, कोणतं बंद करायचं ते खुर्चीतला माणूस ठरवतो. ते मी पाटावर बसून परत काढून वाचलं. मग मी तुला काय काय लिहिलं होतं ते आठवत बसले. धूर नसला की बरं वाटतं. असं रोज झालं तर माणूस तरेल.

माझ्यामुळे झालं का रे?

ताई


१८ सप्टेंबर

ताई,

नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. हे डोक्यातून काढून टाक.

मार्चमध्ये मी तुझ्यासमोर जरा ऐट मिरवली, एवढंच. खुर्चीतला माणूस ठरवतो वगैरे पूर्वीचं झालं. आता ते सगळं यंत्र ठरवतं. आम्ही पडद्यावर येतं ते वाचून दाखवतो. नंबर तीन यंत्राने बंद केलं, दरवेळी यंत्रानेच केलं. पलीकडचं का नाही हे मलाही माहीत नाही. मी काही निवडलं नाही, आणि तुझ्या पत्रांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

हे भावोजींनाही वाचून दाखव. आणि तुम्ही तिघं माझ्याकडे राहायला या. दोन खोल्या आहेत, पुरतील.

घुबड


२ ऑक्टोबर

घुबडा,

तू सांगितलंस म्हणून ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. मोठ्याने, अगदी शेवटपर्यंत. ऐकताना डोळे मिटले होते. संपल्यावर पाटी मागितली आणि लिहिलं, 'आदेश समजला नाही. पुन्हा सांगा.'

मला वाटलं भ्रमात आहेत. म्हटलं, अहो हे घर आहे, लाइन नाही. तर तेच परत लिहिलं. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं. 'यंत्राने बंद केलं' इथे आल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मान हलवली. मग पाटी बाजूला ठेवून कागद मागितला. दोन दिवस थोडं थोडं लिहीत होते.

हे एप्रिलपासूनच ओळखून होते. पलीकडच्या केंद्रातला इनचार्ज ह्यांच्या बरोबरीचा, त्याने एकदा चेष्टेने विचारलं होतं, तुमचंच बरं रोज बंद होतं, लाइनवरच्या साहेबांशी वाकडं आहे का? हे पाळ्या ताडून बघायला लागले. तू दिवसा असलास की नंबर तीन बंद. दुसरा कुणी असला की कधी हे, कधी ते. लिहिलंय, 'पोरगा मला विश्रांती देतो आहे हे मला कळलं.'

मग सांगितलं का नाही त्याला, असं मी ओरडले. हो, आजारी माणसावर ओरडले. तर लिहिलं, 'लाइनवर रेकॉर्ड होतं. त्याची खुर्ची गेली असती.' पण तुम्हाला पत्र लिहिता येत होतं, मला सांगता येत होतं. त्यावर कागद परत पुढे ओढला. मग लिहिलं, 'तुला काय सांगू. तू नाटकाच्या दिवशी इतकी हसली होतीस.'

घुबडा, मला तुझा राग आला आहे. फार आला आहे. बंद केल्याचा नाही. मला वाचवायला खोटं बोललास त्याचा. लहानपणी काचेची बरणी मी फोडली होती तेव्हाही तू असाच पुढे होऊन मार खाल्लास आणि मी दाराआड उभी राहिले. आता माझं वय दाराआड उभं राहायचं नाही. मी मागितलं, तू दिलंस, ह्यांनी घेतलं. तिघांनीही एकमेकांचं भलंच बघितलं आणि तिघांनीही तोंड उघडलं नाही. ते ओझं तू एकट्याने का म्हणून न्यायचंस? माझा वाटा मला दे. मला त्याच्याशिवाय झोप येत नाही.

ह्यांचा कागद सोबत घातलाय. वर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'आदेश परत म्हणतो.' खाली असं आहे:

'नंबर तीन बंद केलं. ताईने मागितलं म्हणून केलं. माझ्यासाठी केलं. नळी तयार नव्हती. मी तयार म्हणालो.'

यापुढे काय असतं ते तुला ठाऊक आहे. तू तो शब्द म्हणेपर्यंत इकडे कुणी हलायचं नसतं. दोन खोल्यांत यायचं की नाही ते त्यानंतर बघू. दिवे लागायची वेळ झाली की हे अजूनही चपला घालून दारात उभे राहतात, पण आता ठकीने हात धरला तरी आत येत नाहीत. पोस्टमन त्या वेळी येत नाही हे मी किती वेळा सांगितलं.

ताई


९ ऑक्टोबर

भावोजी,

बरोबर.

घुबड